सांडू सरांचं ‘बघू’

माझा लहाना भाऊ सांडू शाळेचा हेडमास्तर हाय. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण वाळूजच्या आमच्या शिफ्टच्या बसमध्ये ज्याला हे माहीत नाय असा एकबी माणूस उरलेला नाय. ड्रायव्हरला माहीत हाय, गेटवरच्या वॉचमनला माहीत हाय. लाईनवर नवीन माणूस कामाला आला की मी त्याला आधी हेल्मेट देतो, आन् मग हे सांगतो.

मी कडूबा, घरात थोरला. आमच्या आधीची आईची लेकरं जगली नाहीत. म्हणून माझं नाव ठेवलं कडू आन् त्याचं सांडू. एक कडू, एक सांडलेला, कोणाची नजर लागायला नको. नजर काय लागली नाय. मी नववीत शाळा सोडली. सोडली म्हणजे मी आन् शाळा, आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. मग वाळूजला पत्र्याच्या प्रेसवर लागलो आन् आज त्या लाईनचा लीडर हाय. मी नुसतं खाकरलो तरी माणसं मोबाईल खिशात घालतात. सांडूचं डीएड मी केलं. वर्गात तो बसला, एवढंच. त्याच्या अंगावरचा पहिला इस्त्रीचा शर्ट माझ्या ओव्हरटाईमचा होता, आन् तो शर्ट त्यानं अजून टाकलेला नाय.

आता खरं सांगायचं तर लहानपणी सांडू हेडमास्तर होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. त्याला आम्ही बघ्या म्हणायचो. कुठं काय चाललंय तिथं जाऊन उभा राहायचा आन् बघायचा. लोहार फाळ ठोकतोय, बघ. कुत्री व्यालीय, बघ. एकदा आईनं चुलीवर दूध ठेवलं आन् त्याला म्हणाली, जरा बघ रे दुधाकडं. ती गोठ्यातून आली तर सगळं दूध चुलीत. सांडू तिथंच उकिडवा. आईनं विचारलं, काय रे, बघत नव्हता का? तर म्हणतो, “बघितलं ना. आधी कडंला बुडबुडे आले, मग मधून फुगलं, मग गेलं.” आईनं मारायला हात उचलला आन् तिला हसूच आलं. मला मात्र कळलं नव्हतं की ह्याला मारावं का शाळेत घालावं. शेवटी शाळेत घातला.

तर पाचोडच्या पुढं एक लहान गाव हाय. तिथं झेडपीची सातवीपर्यंतची शाळा. सांडू तिथं बरीच वर्षं मास्तर होता. गेल्या उन्हाळ्यात तिथले हेडमास्तर काकासाहेब सर रिटायर झाले आन् सगळ्यात जुना म्हणून चार्ज सांडूकडं आला. मला फोन आला तेव्हा मी प्रेसवर होतो. मी मशीन बंद केली. ती मशीन मी माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा बंद पडू दिली नव्हती.

त्याच आठवड्यात मी हर्सूल रोडच्या दुकानातून बॅनर छापून घेतला. ‘मुख्याध्यापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. वर कोपऱ्यात सांडूचा फोटो आन् खाली शुभेच्छुक म्हणून माझा, गॉगल घालून. माझा फोटो जरा मोठा आला. शुभेच्छा मी देत होतो, त्यामुळं ते बरोबरच होतं. बॅनर घेऊन मी गाडीवर त्याच्या घरी गेलो. त्यानं उलगडला, वाचला आन् म्हणला, “दादा, मी प्रभारी हाय.”

मी विचारलं, ते काय असतं? तर म्हणला, काम हेडमास्तरचं, खुर्ची हेडमास्तरची, सही हेडमास्तरची, पण माणूस हेडमास्तर नाय. मी म्हणलं, मग हेडमास्तर कोण हाय? म्हणला, कोणीच नाय. आता ह्याच्यावर काय बोलायचं? आमच्या लाईनवर जो उभा राहून ओरडतो तो लीडर, सोपं काम. मी त्याला सांगितलं, प्रभारी शब्द बॅनरवर मावत नव्हता, तू हा शाळेच्या गेटवर लाव. त्यानं बॅनरची गुंडाळी केली आन् म्हणला, “बघू.”

ह्या ‘बघू’वरच सगळी गोष्ट हाय, म्हणून आधी तेवढं सांगतो. आमच्या भागात बघू म्हणलं की त्याचा अर्थ आपला आपण लावायचा असतो. पोरीचा बाप बघू म्हणला तर उठायचं, चहासाठी थांबायचं नाय. बँकेतला साहेब बघू म्हणला तर पुढच्या महिन्यात परत जायचं. तालुक्याचा पुढारी बघू म्हणला तर पेढे वाटायला हरकत नाय. आमचा बाप बघू म्हणला की आई समजायची, विषय संपला. आन् सांडू तर उठता बसता बघू म्हणतो. त्याचा अर्थ कोणता घ्यायचा, हे मला चाळीस वर्षं कळलं नव्हतं. बॅनरचं मी हो समजलो.

गणपतीच्या सुट्टीत तो घरी आला. तोंड उतरलेलं. जेवण झाल्यावर म्हणला, “दादा, मी दिवाळीला चार्ज परत देतो. मला जमायचं नाय.”

माझ्या हातातली सुपारी तशीच राहिली. मी सगळ्या बसला सांगून बसलेलो. मी विचारलं, कामून? काय झालं? मग तो बोलायला लागला. सांडू एवढं बोलताना मी कधी बघितलं नव्हतं. शाळेला शिपाई नाय, तर कुलूप तोच उघडतो. पाण्याची मोटार जळाली तरी तोच. एक मॅडम बाळंतपणाला गेल्या, तर त्यांचा वर्गबी तोच. वरून मोबाईलवर माहिती मागतात, पाठवली की तीच माहिती दुसऱ्या तक्त्यात मागतात. दोन बाया नळावर भांडल्या तर न्याय करायला शाळेत येतात. एक दिवस चौथीच्या फळ्यावर त्यानं ‘माती’ लिहायला घेतलं. ‘मा’ लिहिला आन् फोन आला. बोलून परत आला तर लेकरांनी आपापल्या मनानं शब्द पुरा केलेला. कोणी मामा, कोणी मासा, एकानं मारुती. सांडू म्हणला, त्यातला चूक कोणता म्हणू? सगळे बरोबरच होते.

“सगळे मला विचारतात, दादा. आन् मी विचारायला जावं असं कोणी राहिलं नाय,” म्हणला.

मी त्याला समजावलं. म्हणलं, माणसं चालवणं तू मला शिकवतो काय? माझ्या हाताखाली बिहारचे हायत, परभणीचे हायत, इथले हायत. लीडरनं पटकन बोलायचं. चूक का बरोबर ते नंतर, आधी पटकन. आन् आवाज मोठा. तू बघू बघू करतो, त्यानंच माणसं डोक्यावर बसतात. आन् चार्ज परत द्यायचं नाव काढायचं नाय, गावात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाय. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आन् म्हणला, बघू.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी शाळेत खिचडीत खडा निघाला.

शाळेत दुपारी लेकरांना खिचडी असते, ती सरूबाई करते. एकटी बाई, वय झालेलं, पण तिच्या हातची खिचडी मी खाल्लीय, तशी आमच्या घरात होत नाय. हे बायकोला सांगू नका. तर एका पोराच्या दाताखाली खडा आला आन् दात पडला. तो पोरगा निघाला तात्यासाहेबांचा नातू. तात्यासाहेब म्हणजे शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष, गावात वजन असलेला माणूस. दात तसा हलतच होता म्हणे, पण अध्यक्षांच्या नातवाचा हलता दातसुद्धा साधा नसतो. तात्यासाहेब शाळेत आले आन् म्हणले, ह्या बाईला काढा, तिच्या जागी माझी सून श्रेया लावा, पोरगी शिकलेली हाय, स्वच्छ हाय. शनिवारच्या मीटिंगला हे पक्कं करून टाकू. नाय जमलं तर सांगा, तुमचा चार्ज दुसऱ्याकडं द्यायला मी वर बोलतो.

सांडू म्हणला, बघू.

मग सरूबाई आली. तिनं दारातनंच विचारलं, सर, मला काढणार का? सांडू तिलाबी म्हणला, बघू मावशी.

आता बघा काय झालं. तात्यासाहेबांनी बघूचा अर्थ हो घेतला आन् पारावर सांगूनबी टाकलं. फक्त सुनेला सांगायचं राहिलं, कारण सरच निरोप धाडतील असं त्यांना वाटलं. सरूबाईनं बघूचा अर्थ ‘काढलं’ असा घेतला आन् पदर खोचायचा सोडून घरी बसली. आन् सोमवारी शाळेत खिचडी करायला कोणीच आलं नाय.

आन् नेमका तोच दिवस मी निवडला होता. कंपनीला सुट्टी होती. माझ्या लाईनवरच्या हारिसला पाचोडकडून बकरी घ्यायची होती, आन् बन्सीला काही घ्यायचं नव्हतं पण तो सगळीकडं येतो. मी म्हणलं चला, वाटेत माझ्या भावाची शाळा दाखवतो, हेडमास्तरच्या केबिनमध्ये चहा पिऊ. रस्ताभर मी त्यांना सांगत होतो की कसं सांडू बेल दाबतो आन् कसे मास्तर पळत येतात. बेल त्याच्याकडं नाय हे मला माहीत होतं, पण असायला पाहिजे असं माझं मत हाय.

गेटवर बॅनर नव्हता. मला आधी वाटलं शाळाच चुकली. आत गेलो तर व्हरांड्यात लेकरं ताटं घेऊन बसलेली आन् ताटं वाजवत होती. शेडमध्ये आमरीन मॅडम, सांडूच्या खालोखाल जुन्या मास्तरीण, ओढणी कमरेला खोचून गॅसची शेगडी पेटवत होत्या आन् वाऱ्यानं ती सारखी विझत होती. मी केबिनकडं वळलो. केबिनमध्ये माझा भाऊ, शाळेचा हेडमास्तर, खुर्चीवर बसून तांदूळ निवडत होता. टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रक, काचेवर तांदळाचा ढीग. हातात सूप.

मी दारातच थांबलो. मागनं बन्सी म्हणला, “कडूबा, हाच का तुझा हेडमास्तर? ह्यांची बेल कुठंय, तांदळात का?”

मला कळंना की रागवावं का हसावं का मागच्या मागं निघून जावं. सांडूनं मान वर केली, आम्हाला बघितलं आन् म्हणला, “दादा, बरं झालं आलास. बस.” जसं काय मी निवडायलाच आलो होतो. मी काही बोलायच्या आत हारिस बूट काढून बसलासुद्धा. “कडूभाई, बच्चे भूके हैं, बैठो ना,” म्हणला. मग मीबी बसलो. गॉगल मात्र काढला नाय. बन्सी बडबडत बसला आन् सगळ्यात जोरात त्याचेच हात चालले.

तांदळात खडे होते पांढरे. पांढऱ्यात पांढरे. मला एकबी सापडंना, गॉगलमुळं असेल. सांडू चष्मा वर करून बघायचा, खाली करून बघायचा. एकदम त्यानं सूप खाली ठेवलं आन् बघत बसला. तांदळाकडं नाय, भिंतीकडं. दुधाच्या वेळी बसला होता तसाच. मला वाटलं झालं, आता हा इथंच चार्ज टाकून देणार, बन्सीच्या देखत. मी हळूच म्हणलं, सांडू, माणसं बघतायत.

तो म्हणला, “दादा, मला चष्मा लावून दिसंना. मावशी कशी निवडत असेल?”

लेकरांचं जेवण झालं. खिचडी थोडी लागली होती, पण मॅडमनी त्याच्यावर लिंबू पिळून सांभाळून घेतलं. हारिस आन् बन्सी बकरी बघायला गेले. शाळा सुटल्यावर सांडू म्हणला, चल दादा, सरूबाईच्या घरी. मी विचारलं, तिला बोलवायला का काढायला? मला खरंच कळत नव्हतं. तो चालायला लागला.

सरूबाई दारात बसली होती. मी थोरला, म्हणून मी पुढं चाललो. आम्हाला बघून ती उठली, पदर सारखा केला आन् माझ्याकडं तोंड करून म्हणली, “या सांडू सर, या. जेवली का लेकरं?”

आता सांडू म्हणजे शेवग्याची शेंग. मी दोन सांडूंएवढा, मिशा वेगळ्या, वर गॉगल. मला राग आला. मी सांगणारच होतो की बाई, मी त्याचा थोरला भाऊ कडूबा, वाळूजला लाईन लीडर हाय. पण सांडूनं मागनं माझा हात धरला आन् उभाच राहिला, बघत. ती माझ्याशी बोलत राहिली, मी हूं हूं करत राहिलो. मग सांडूनं मागनं आवाज दिला तशी ती गोंधळली. एकदा इकडं, एकदा तिकडं.

सांडू तिच्याजवळ बसला आन् विचारलं, मावशी, डोळ्याला कधीपासून कमी दिसतंय? ती म्हणली, दिसतंय की सर, एवढं कुठं नाय दिसत. मग म्हणली, “तुम्ही बघू म्हणले, मला कळलं. बघू म्हणणारे लई बघितलेत मी.”

“मावशी, मी बघूच म्हणलो होतो.”

“तेच म्हणते मी.”

“तसं नव्हं मावशी. बघतो, असं म्हणलो होतो.”

“व्हय ना. म्हणूनच आले नाय.”

दोघंबी एकच शब्द बोलत होते आन् दोघांचंबी एकमेकांपर्यंत पोचत नव्हतं. मी मधी उभा. शेवटी सांडू म्हणला, उद्या ये, निवडायचं आम्ही करतो, तू फक्त शिजव. परत येताना मी त्याला विचारलं, म्हणजे तू तिला ठेवलं का? म्हणला, शनिवारी सांगतो. मी म्हणलं, शनिवारी तात्यासाहेब तुझा चार्ज काढतील. म्हणला, काढला तर काढला, दिवाळीला देणारच होतो.

बाकी आठवडाभर लाईनवर माझं लक्ष नव्हतं. बन्सीनं सगळ्या बसला सांगितलं होतं. चढलो की कोणीतरी विचारायचं, काय कडूभाऊ, तांदूळ निवडून झाला का? आन् माझ्या डोक्यात भलतंच चाललेलं. सरूबाईला काढलं तर चार्ज राहतो. चार्ज राहिला की माझी इज्जत राहते. पण मग त्या म्हातारीच्या घरासमोर हूं हूं करत उभा राहिलेला मी, त्याचं काय? आन् तिला ठेवलं तर चार्ज जातो, आन् परत लेकरांच्या दाताखाली खडा येतो ते वेगळंच. बरोबर कोणतं? मी लाईनवर पटकन बोलतो, तसं इथं मला पटकन काहीच बोलता येईना.

शनिवारी मी शिफ्ट बदलून गेलो. मला मीटिंगला कोणी बोलवलं नव्हतं. मी मागं बाकावर बसलो, बाक लहान होता. पालक होते, मास्तर होते. श्रेया पहिलीच्या पोराची आई म्हणून एका कडंला बसलेली. सरूबाई दाराबाहेर. तात्यासाहेबांनी सुरुवात केली. बोलले चांगलं, खोटं काही बोलले नाहीत. खडा निघाला हे खरं, दात पडला हे खरं, लेकरं सगळ्या गावाची हायत हे खरं. मलाच त्यांचं पटायला लागलं. मग ते सांडूकडं वळले.

“सर, तुम्ही मला बघू म्हणले होते का नाय?”

“व्हय,” सांडू म्हणला. “बघितलं.”

त्याला एवढंच बोलायचं असेल असं वाटून मी घाबरलो. पण तो उभा राहिला. आवाज त्याचा तसाच, तांदूळ निवडताना बोलला त्या आवाजात. म्हणला, मावशीच्या डोळ्यात मोतीबिंदू हाय, डॉक्टरला दाखवून आणलं. तिला खडा दिसत नाय, हे मीच आधी बघायला पाहिजे होतं, खिचडीची चव रोज मी घेतो पण निवडणाऱ्याकडं बघितलं नाय. ऑपरेशनला शहरातल्या सरकारी दवाखान्यात विचारून ठेवलंय. ती बरी होईपर्यंत श्रेयाताईंनी शिजवावं, त्यांची तयारी असली तर. आजपासून तांदूळ निवडायला रोज एका वर्गाचे पालक येतील, पहिली पाळी माझी झालीय.

तात्यासाहेब म्हणले, चांगलं हाय. मग पुढं सून कायम.

सांडू म्हणला, “नाय.”

मी सांगतो, माझ्या भावाच्या तोंडून नाय हा शब्द मी तोवर ऐकलेला नव्हता. तात्यासाहेबांनीबी ऐकला नसेल, कारण त्यांनी परत विचारलं. सांडूनं परत तेच सांगितलं. “नाय तात्यासाहेब. डोळं बरे झाले की मावशी परत तिच्या जागेवर येणार. चार्ज न्यायचा असला तर न्या, मी आजच चाव्या देतो. पण माझ्याकडं हाय तोवर ती जागा तिची.”

एकीकडं वाटलं, वा रे माझ्या भावा. दुसरीकडं वाटलं, अरे गाढवा, चाव्या कामून देतो? एका माणसाच्या पोटात दोन्ही एकदम कसं होतं ते मला सांगता येत नाय.

तात्यासाहेब सुनेकडं बघून म्हणले, सांग ग तू. श्रेयानं पदर नीट केला. ती म्हणली, “तात्या, मला तर कोणी विचारलंच नाय. मावशीचं ऑपरेशन होईपर्यंत मी करते. कायमचं नको. मला अंगणवाडीची परीक्षा द्यायची हाय.”

कोणीतरी मागं हसलं. मी नव्हतो. तात्यासाहेबांनी रुमालानं तोंड पुसलं आन् म्हणले, मग ठीक हाय, पण चार्जचं मी वर बोलणारच. आन् ते खरंच बोलले. दिवाळीच्या आधी वरून साहेब शाळेत आले, मास्तर लोकांना बसवलं आन् विचारलं, सांडू सरांच्या ऐवजी चार्ज कोण घेतं? एक सर म्हणे खिडकीबाहेर बघायला लागले, दुसऱ्यांना खोकला आला. आमरीन मॅडमचा नंबर पुढचा. त्या म्हणल्या, साहेब, मी खिचडी करून बघितली, तेवढं बस झालं, राहू द्या सरांकडंच. साहेबांनी सांडूला विचारलं, तुम्ही तर सोडणार होते ना? सांडू म्हणला, मावशी परत येईपर्यंत ठेवतो. मी सोडला तर मी दिलेला शब्द दुसऱ्याच्या गळ्यात पडेल.

हे त्यानं मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, म्हणजे तू जिंकला का? तो म्हणला, काय माहीत. मलाबी माहीत नाय. चार्ज राहिला, पण कोणाला नको होता म्हणून राहिला. बसमध्ये हे सांगायचं कसं? मी तिथं एवढंच सांगितलं की साहेब खुद्द आले आन् माझ्या भावाला राहा म्हणले. हे काही खोटं नाय.

सरूबाईला दवाखान्यात आम्हीच नेलं. सांडू नेणार होता, पण गाडी मी आणली, हारिसच्या मेहुण्याची. श्रेयानं तोवर खिचडी केली. चांगली केली म्हणतात, मी खाल्लेली नाय. पालकांच्या पाळ्या आधी आठ दिवस नीट चालल्या, मग बुडाल्या, मग परत लागल्या. ज्या दिवशी कोणी येत नाय त्या दिवशी केबिनच्या काचेवर परत तांदूळ असतो. सांडूचं म्हणणं, तांदूळ निवडताना फोन उचलता येत नाय, तेवढंच बरं वाटतं.

मावशी परत आली त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. ती काळा चष्मा घालून शेडमध्ये हिंडत होती, डबे उघडून बघत होती, ग्लास उजेडाकडं धरून बघत होती. शेडच्या वाऱ्याच्या बाजूला काहीतरी रंगीत बांधलेलं होतं. मी जवळ गेलो तर माझा बॅनर. हार्दिक अभिनंदन आन् खाली मी, गॉगल घालून, शेगडीच्या बरोब्बर मागं. तोंडावर थोडी वाफ बसलेली. सांडू आला आन् म्हणला, दादा, शेगडी विझत होती ना, म्हणून. पुढची बाजू आतल्या अंगाला ठेवली, उन्हानं खराब होऊ नये.

सरूबाई बॅनरपुढं उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग माझ्याकडं बघितलं, मग परत बॅनरकडं.

“हे तुम्ही व्हय?” म्हणली. “आन् हे वर बारीक कोण? सांडू सर? हेडमास्तर ते हायत ना? मग असं कामून काढलं?”

मी तिला शुभेच्छुक म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिला पटलं का नाय मला कळलं नाय, डोळं बरे झाले तरी तोंडावर काही दिसंना. मग माझंच मन मला खायला लागलं. मी सांडूला म्हणलं, नवीन बॅनर काढतो. तुझा फोटो मोठा, माझा लहान, गॉगल काढून. प्रभारी शब्दसुद्धा घालतो, कसा मावत नाय ते बघतो. आन् ह्या वेळी तो गेटवर लावायचा, रस्त्यावरनं दिसला पाहिजे. लावणार का?

मी बघूची वाट बघत होतो. सांडूनं एकदा गेटकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

“नाय दादा,” म्हणला.

मावशीच्या समोर, तोंडावर, थोरल्या भावाला. निघताना चार्जचं विचारलं तर म्हणला, आता ठेवतो. वाटेत गाडी चालवताना मला राग येत होता आन् मधीच हसूबी येत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे बसमध्ये चढलो तर बन्सीनं विचारलंच, काय म्हणतो तुझा तांदळाचा हेडमास्तर? चार्ज ठेवला का सोडला? मी खिडकीची जागा धरली आन् सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, ठेवला. आन् तो असा हेडमास्तर हाय की मला, कडूबाला, समोरासमोर नाय म्हणतो. तुमच्यात हाय का असा कोणी?